घरच्यांच्या नकळत नमाज: नाशिकमधल्या नवमुस्लिमांसाठी

नुकताच इस्लाम स्वीकारलेला माणूस सगळ्यात आधी धास्तावतो तो पाचच्या आकड्याने. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा: पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या पाच नमाजा. घरात आईवडील, सासूसासरे, भावंडं, आणि आपण दिवसातून पाच वेळा दार लावून बसणार, हे खपायचं कसं? आधी हिशेब करा. फर्ज (सक्तीच्या) रकाती (उभं राहणं, वाकणं आणि दोनदा कपाळ टेकणं मिळून एक रकात) अनुक्रमे २, ४, ४, ३ आणि ४, म्हणजे दिवसाला १७. एका रकातीला दीड मिनिट धरलं तर सगळं मिळून पंचवीस-सव्वीस मिनिटं. हनफी पद्धतीत (सुन्नी मुसलमानांच्या चार पंथांपैकी एक) इशानंतर वित्र नावाच्या नमाजेच्या ३ रकाती वाजिब (फर्जच्या खालोखाल आवश्यक), त्याची चार-पाच मिनिटं अधिक. सुन्नत (प्रेषितांच्या प्रथेप्रमाणे जादा) रकाती पढल्या तर उत्तम, पण घरात चोरून पढणाऱ्याने सुरुवातीला फर्ज आणि वित्र पक्के करावेत. सगळं एकदम धरलं की दहाव्या दिवशी सगळंच सुटतं.

पुढचं सगळं हनफी पद्धतीने लिहिलं आहे, कारण नाशकातल्या बहुतेक मशिदींत तीच चालते. कोकणी मुसलमान शाफई या दुसऱ्या पंथाचे असतात. तुम्हाला शिकवणारी व्यक्ती शाफई असेल तर तपशील थोडे बदलतील. तिचंच ऐका, दोन्हींची सरमिसळ करू नका.

वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवरून

मोबाइलमध्ये अजानचं ॲप टाकण्याआधी घरातल्या कॅलेंडरकडे बघा. त्यात सूर्योदय-सूर्यास्त दिलेले असतात आणि त्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी कुणी काही विचारत नाही. वेळ मुंबईची छापली असेल तर नाशिकसाठी साधारण ४ मिनिटं वजा करा. ऋतूप्रमाणे दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे होतात. मग बाकीचं असं निघतं:

फजर सूर्योदयाच्या सुमारे सव्वा तास आधी सुरू होते आणि सूर्योदयाला संपते. जूनमध्ये ती साधारण साडेचार ते सहाला पाच कमी, डिसेंबरात पावणेसहा ते सात. जोहर सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या बरोबर मध्यानंतर. नाशकात हा मध्य नोव्हेंबरात १२:१८ च्या आसपास, तर फेब्रुवारीत १२:४९ च्या आसपास येतो, म्हणून वर्षभर एकच वेळ हवी असेल तर १ वाजता बिनधास्त सुरू करा. हनफी असर डिसेंबरात साडेचारच्या जरा आधी लागते, जूनमध्ये सव्वापाचला. मगरिब सूर्यास्ताला. इशा त्यानंतर साधारण सव्वा ते दीड तासाने.

ॲप वापरणारच असाल तर त्यात असरसाठी 'हनफी' निवडा. बऱ्याच ॲपमध्ये आधीपासून दुसरी पद्धत लावलेली असते. मग डिसेंबरात पावणेचारच्या आधीच असर लागल्याचं दिसतं आणि मशिदीची अजान मात्र त्यानंतर पाऊण-एक तासाने होते. नवीन माणसाचा गोंधळ इथेच जास्त होतो. कॅलेंडरवरून काढलेल्या वेळेत ३-४ मिनिटांची सूट ठेवा: सुरुवात तेवढी उशिरा धरा, शेवट तेवढा आधी.

सूर्य उगवत असताना (आणि नंतरची १५-२० मिनिटं), डोक्यावर असताना आणि मावळत असताना नमाज पढायची नाही. अपवाद एकच, त्या दिवशीची असर राहिली असेल तर ती सूर्य मावळतानाही पढून टाकायची.

पाच नमाजा, तीनदा दार

हा भाग नीट समजून घ्या; पुढचं निम्मं काम यावर चालतं. हनफी मतात घरी बसल्या दोन नमाजा एकाच नमाजेच्या वेळेत पढता येत नाहीत. पण पहिली तिच्या वेळेच्या अगदी शेवटी आणि दुसरी तिच्या वेळेच्या अगदी सुरुवातीला पढायला हरकत नाही. दोन्ही आपापल्या वेळेतच होतात, दार मात्र एकदाच लावावं लागतं.

म्हणजे जूनमध्ये ५:०५ ला वजू (नमाजेआधी हात, तोंड, पाय धुणं) करून बसा, जोहरच्या ४ रकाती ५:१२ पर्यंत संपवा, सव्वापाच उलटून तीन मिनिटं होऊ द्या आणि असरच्या ४ पढा. वीसेक मिनिटांत दोन्ही झाल्या. डिसेंबरात हेच सव्वाचार ते साडेचारच्या दरम्यान. जोहर वेळेत संपलीच पाहिजे; असर लागल्यावर ती कजा होते, म्हणजे वेळ चुकून मागाहून फेडावी लागते. त्यामुळे घड्याळ डोळ्यांसमोर असू द्या आणि रोजच्या रोज वेळ पाहा, कारण ही सीमा ऋतूनुसार जवळजवळ तासभर सरकते.

संध्याकाळी तसंच. मगरिबची सुरुवात आणि दिवेलागणी एकाच वेळी येतात. हिंदू घरात त्या घटकेला देवाजवळ दिवा लागतो, 'शुभं करोति' होतं, गणपतीच्या दिवसांत आरतीला हाक येते. त्या वेळी खोलीत दार लावून बसणारा माणूस नजरेत भरतो. मगरिब लवकर पढणं चांगलं आणि चांदण्या दाट होईपर्यंत लांबवणं मकरूह (नापसंत) मानलं जातं, पण नमाज होते. तेव्हा घरची गडबड ओसरू द्या आणि इशा लागायच्या दहा मिनिटं आधी मगरिब, लगेच नंतर इशा आणि वित्र, असं एका बैठकीत उरका. घरात सगळे बाहेर असतील त्या दिवशी मात्र मगरिब वेळेवरच पढा; सोय म्हणजे नियम नव्हे.

उरली फजर. थंडीत ती सगळ्यात सोपी: नाशिकच्या डिसेंबरात सहा वाजता पांघरुणाबाहेर कुणी येत नाही. उन्हाळ्यात पहाटे फिरायला जाणारे, दुधासाठी उठणारे, काकड्याला जाणारे आजी-आजोबा घरात जागे असतात. अशा घरात पाचच्या आधी पढून पुन्हा झोपणं बरं. अलार्म आवाजाचा नको, उशीखाली फोन ठेवून नुसतं कंपन ठेवा.

शाफई आणि हंबली (हाही एक सुन्नी पंथ) मतांत काही परिस्थितीत दोन नमाजा खरोखर एकत्र करायला मुभा आहे, हंबलींकडे जिवाच्या भीतीमुळेही. तुमची परिस्थिती तेवढी बिकट असेल तर जाणत्या आलिमाला (धर्मशास्त्राच्या जाणकाराला) विचारा, स्वतः ठरवू नका.

किब्ला

किब्ला म्हणजे नमाजेत तोंड करायची दिशा, मक्केतल्या काबाकडची. नाशिकहून मक्का पश्चिमेला, उत्तरेकडे साधारण ९ अंश झुकून आहे, होकायंत्रावर २७९. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ, लोखंडी पलंगावर आणि चुंबकाच्या कव्हरमध्ये हमखास चुकतं. ते खोलीच्या मध्यात, कव्हर काढून, दोनदा पाहा.

त्यापेक्षा खात्रीचा उपाय वर्षातून दोनदा मिळतो. २८ मे रोजी दुपारी २:४८ ला आणि १६ जुलैला २:५७ ला सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर असतो. त्या क्षणी गच्चीत उभ्या काठीच्या सावलीच्या टोकाकडून बुडाकडे पाहिलं की समोर किब्ला. जुलैत नाशकात ढगांमुळे हे क्वचितच जमतं. मे महिन्यातली संधी सोडू नका. एकदा दिशा कळली की खोलीतल्या फरशीच्या रेघेशी ती ताडून ठेवा, खूण करायची गरज नाही. थोडीफार चूक झाली तरी बिघडत नाही: दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत सवलत आहे. मावळतीकडे तोंड करून पढलेली नमाज नाशकात बाराही महिने या मर्यादेत बसते.

समोर देवाची तसबीर किंवा माणसांचे फोटो नसावेत. ते काढायला जाऊ नका, त्याने बोभाटा होतो. कपाटाचं उघडं दार आडवं करा, किंवा दुसऱ्या भिंतीशी उभे राहा.

वजू, आवाज न करता

वजूला पाणी किती लागतं? प्रेषितांचा वजू एका मुदमध्ये होई, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. एक तांब्या भरून घ्या आणि नळ बंद करा. पहाटे साडेचारला धो धो वाहणारा नळ शेजारच्या फ्लॅटलाही ऐकू जातो.

क्रम असा: मनगटापर्यंत हात तीनदा, चूळ तीनदा, नाकात पाणी तीनदा, चेहरा कपाळाच्या केसांपासून हनुवटीखालपर्यंत आणि एका कानाच्या पाळीपासून दुसऱ्यापर्यंत तीनदा, उजवा मग डावा हात कोपरासकट तीनदा, ओल्या हाताने डोकं आणि कान पुसणं एकदा, शेवटी उजवा आणि डावा पाय घोट्यासकट तीनदा. यातल्या फर्ज गोष्टी चारच: चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा चौथा हिस्सा पुसणं आणि पाय. घाई असेल तर या चार एकेकदा नीट करा, वजू होतो.

कातडीवर पाणी अडवणारं काही राहिलं तर मात्र होत नाही. टिकली काढायची, आरशाला चिकटवून ठेवलेली टिकली घराघरांत असते, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. नेलपॉलिश चालत नाही, मेंदीचा रंग चालतो. घट्ट बांगड्या, अंगठी, जोडवी आणि मनगटावरचा लाल दोरा हलवून खाली पाणी पोचवा. पोळ्या करून उठला असाल तर नखांत सुकलेली कणीक बघा. सातपूर-अंबडला कारखान्यात काम करणाऱ्यांनी वाळलेला रंग आणि एम-सील खरवडून काढावं. तेलाचा नुसता ओशटपणा चालतो.

लघवी, शौच, वायू सरणं, वाहण्याइतकं रक्त येणं, तोंडभर उलटी आणि आडवं होऊन लागलेली झोप यांनी वजू तुटतो. यातलं काही झालं नाही तर एका वजूवर कितीही नमाजा होतात.

सकाळची अंघोळ हाच तुमचा सगळ्यात सोपा वजू. अंघोळीत चूळ भरली, नाकात पाणी घेतलं आणि सगळं अंग भिजलं की गुस्लही (पूर्ण अंगाचं शुद्धिस्नान) झाला आणि वजूही. फजरच्या आधी अंघोळ करायची सवय लावली तर नाशिकच्या थंडीत घरचे फार तर 'गीझर किती वेळ चालू होता' म्हणतील.

ऑफिसात बेसिनमध्ये पाय वर घेतलेला माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्यावर चामडी मोजे हा जुना आणि पक्का उपाय आहे. सकाळी पूर्ण वजू करून घोटा झाकणारे चामड्याचे मोजे चढवा. त्यानंतर वजू पहिल्यांदा तुटेल तेव्हापासून २४ तास पाय धुवायची गरज नाही, ओल्या तीन बोटांनी मोज्याच्या वरच्या बाजूवर पुसलं की पुरे. मोजा मध्ये काढला तर सवलत संपली. साध्या सुती किंवा नायलॉनच्या मोज्यांवर हे चालत नाही.

तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीवर हात मारून तोंड आणि हात पुसणं, पाणी नसेल किंवा पाण्याने इजा होणार असेल तरच. कुणी बघेल म्हणून मातीवर हात मारून भागत नाही.

कपडे, जागा

पुरुषाला नाभीपासून गुडघ्यापर्यंत झाकलेलं हवं. थ्री-फोर्थ आणि टी-शर्ट चालतो, पण आखूड टी-शर्ट सजद्यात (कपाळ जमिनीला टेकताना) वर सरकून कमरेखालचा भाग उघडा पडतो. बनियन आत खोचा. बाईला चेहरा, हाताचे पंजे आणि पावलं सोडून सगळं झाकायचं आहे. गाऊनच्या बाह्या आखूड असतात आणि जॉर्जेटच्या ओढणीतून केस दिसतात; तेवढ्याने नमाज जाते. नाशकात स्कूटीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलीकडे तोंडाला बांधायचा मोठा सुती स्कार्फ असतोच. तोच डोक्यावरून छातीपर्यंत गुंडाळून पिन लावा, वेगळं काही विकत आणू नका.

जायनमाज (नमाजेची चटई) नको. स्वच्छ टॉवेल किंवा पंचा चालतो, धुतलेली फरशीही चालते. फोमच्या गादीवर सजदा करू नका, कपाळ नुसतं रुतत जातं आणि टेकत नाही.

पाळीच्या दिवसांत नमाज नाही आणि त्या दिवसांची कजाही नाही. पाळी संपल्यावर गुस्ल फर्ज होतो. त्यासाठी वेणी सोडायची गरज नाही, केसांच्या मुळांना पाणी पोचलं पाहिजे. ज्या घरात कोणत्या वारी न्हायलं याकडे लक्ष असतं तिथे ही सवलत फार कामाची.

दोन रकाती

१. किब्ल्याकडे तोंड, दोन पावलांत चार बोटांचं अंतर, नजर सजद्याच्या जागी. कोणती नमाज ते मनात ठरवा, बोलून दाखवायची गरज नाही.

२. हात कानांपर्यंत (बायकांनी खांद्यापर्यंत) उचलून 'अल्लाहु अकबर'. उजवा हात डाव्यावर. पुरुषांनी नाभीखाली, बायकांनी छातीवर.

३. सना (सुरुवातीची स्तुती), अऊजु (सैतानापासून आश्रय मागणं), बिस्मिल्लाह, सूरह फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय), 'आमीन', मग एक छोटी सूरह.

४. तकबीर ('अल्लाहु अकबर') म्हणून रुकू (गुडघ्यांवर हात ठेवून वाकणं), 'सुब्हान रब्बियल अजीम' तीनदा.

५. 'समिअल्लाहु लिमन हमिदह' म्हणत उठा, सरळ उभं राहून 'रब्बना लकल हम्द'.

६. सजदा: कपाळ, नाक, दोन्ही तळवे, गुडघे आणि पायांची बोटं जमिनीला. 'सुब्हान रब्बियल आला' तीनदा. उठून नीट बसा, पुन्हा तसाच सजदा.

७. दुसरी रकात सनाशिवाय तशीच. दुसऱ्या सजद्यानंतर बसून अत्तहियात (बैठकीत म्हणायचा पाठ), दरूद (प्रेषितांसाठीची प्रार्थना), दुआ, मग उजवीकडे आणि डावीकडे सलाम.

तीन किंवा चार रकाती असतील तर दोननंतर फक्त अत्तहियात वाचून उठायचं. फर्जच्या तिसऱ्या-चौथ्या रकातीत नुसती फातिहा.

लपून पढणारा घाई करतो आणि ती रुकूनंतर उठताना व दोन सजद्यांच्या मध्ये दिसते: पाठ सरळ व्हायच्या आतच पुढची हालचाल. एक 'सुब्हानल्लाह' म्हणण्याइतकं तरी थांबा. दुसरी चूक म्हणजे तोंड मिटून मनातल्या मनात वाचणं. जीभ आणि ओठ हलले पाहिजेत, आपल्याला ऐकू येईल इतकी कुजबुज हवी. पंखा चालू ठेवा, बाहेर काही जात नाही. फजर, मगरिब, इशात इमाम मोठ्याने वाचतो म्हणून एकट्यानेही मोठ्याने वाचलंच पाहिजे असं नाही.

किती रकाती झाल्या याचा गोंधळ झाला आणि मनाचा कौल कुठेच लागत नसेल तर कमी आकडा धरा, बाकीच्या पुऱ्या करा आणि शेवटी सजदा सह्व (चुकीच्या भरपाईचा सजदा) करा: अत्तहियातनंतर उजवीकडे एक सलाम, दोन सजदे, परत अत्तहियात-दरूद-दुआ आणि दोन्ही सलाम.

पाठ नसेल तोवर समोर कागद किंवा मोबाइल धरून वाचू नका, हनफी मतात त्याने नमाज तुटते. त्याऐवजी सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर म्हणत उभे राहा. मात्र फातिहा (७ आयती, म्हणजे चरण) आठवड्याभरात पाठ करायला घ्या, मग इख्लास (४) आणि कौसर (३). देवनागरी पुस्तिकांवर विसंबून उच्चार पक्के करू नका. अरबीतले दोन वेगळे 'ह' आणि दोन वेगळे 'क' तिथे एकाच अक्षरात कोंबलेले असतात. इअरफोन लावून एक-एक आयत कानाने शिका.

मोबाइल

घरात गोष्ट फुटते ती बहुतेक इथून. अजानचा आवाज बंद, लॉक स्क्रीनवरची सूचना बंद, हे सगळे करतात. विसरतात ते टीव्हीला. घरच्या स्मार्ट टीव्हीवर तुमचंच गूगल खातं असेल तर रात्री इअरफोन लावून पाहिलेले 'नमाज कशी पढावी' सकाळी हॉलमध्ये सगळ्यांसमोर सुचवले जातात. वेगळं खातं काढा, किंवा पाहण्याचा इतिहास बंद करा. फोटो घरच्या सामायिक खात्यात जातात का ते पाहा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर आणि नाव सगळ्यांना दिसतं; शिकण्यासाठी एकाच विश्वासू माणसाशी बोलणं शंभरजणांच्या ग्रुपपेक्षा बरं.

सवयी एकाएकी बदलू नका. दार लावायची सवय नमाज सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून लावा, अभ्यास, फोन, डुलकी काहीही. रचून सांगितलेली थाप आठ दिवसांनी आठवत नाही. न सांगणं सोपं पडतं.

घराबाहेर

बाग, प्लॅटफॉर्म, दवाखान्याचा पॅसेज टाळा. कुणीतरी व्हिडिओ काढतो आणि संध्याकाळपर्यंत तो नात्यातल्या ग्रुपवर असतो. विश्वासू मित्राची खोली, ऑफिसची रिकामी मीटिंग रूम, रेकॉर्ड रूम बरी. गाडीत सीटवर बसून फर्ज पढता येत नाही, उभं राहणं शक्य असेल तोवर उभं राहावंच लागतं.

जुम्मा (शुक्रवारी दुपारची मशिदीतली नमाज) पुरुषांवर फर्ज आहे, पण खरी भीती असेल तर सूट आहे. त्या दिवशी घरी जोहरच्या ४ रकाती. जायचं असेल तर आपल्या वस्तीपासून दूरची मशीद निवडा. ईदला शहाजहानी ईदगाहवर गर्दीत कुणी ओळखत नाही हे खरं, पण दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरांत तिथले फोटो असतात. पहिल्या रांगा टाळा.

प्रवासात साधारण ७७-७८ किलोमीटरपुढे जोहर, असर, इशा ४ ऐवजी २ रकाती. नाशिकहून मुंबई आणि मालेगाव यात बसतात, इगतपुरी नाही.

दार वाजलं तर

फार तर काही सेकंद उरले असतील तर नमाज पुरी करा. उघडकीला आल्याने खरंच मार बसणार असेल, घराबाहेर काढतील असं असेल तर नमाज तोडायला परवानगी आहे; एका बाजूला सलाम फेरून उठा आणि नंतर ती पुन्हा पढा. नुसत्या संकोचापायी तोडू नका.

नमाज सुटली तर जमेल तेव्हा कजा करा. इशानंतर एक जुनी फर्ज पढायची सवय चांगली. इस्लाम स्वीकारण्याआधीच्या वर्षांची कजा नसते, ती गोळा करत बसू नका.

नमाज पढायला कोणताही दाखला किंवा नाव बदलणं लागत नाही. धर्माचं पालन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये आहे. कागदोपत्री बदल करायचे असतील तर आधी वकील गाठा, कुणाच्या सांगण्यावरून कुठेही सही करू नका. घरात मारहाणीची शक्यता असेल तर आधार कार्ड, मार्कशीट, बँकेचं पासबुक आणि थोडी रोकड एका विश्वासू माणसाकडे आधीच ठेवा. ११२ हा पोलिसांचा, १८१ महिलांचा आणि १०९८ अठरा वर्षांखालच्या मुलांचा नंबर. हे तीनही पाठ करा. वेळ आली तेव्हा फोन हातात असेलच असं नाही.